इंजिन, अतिशय घाण अवस्थेत

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

इंजिन आलं.

टेम्पोवाल्यानं गोठ्यापुढं उतरवलं. उतरवलं कसलं, लोटलं! खालचा पंखा दगडावर आपटला. मी ओरडले तर म्हणतो, "अवो बाई, भंगारच हाये ना." अन् गेला.

वर्ष होत आलं, पोलीस ठाण्याच्या आवारात लिंबाखाली पडून होतं. कोंबड्यांची शीट, त्याच्याखाली चिखल, त्याच्याखाली तेलकट काळा थर. बोट लावलं तर नखात साय बसावी तसा बसला. टाकी मात्र वेगळी आली, पोत्यात शिवलेली, लाखेचं सील तसंच.

हे दारात आले. पाहिलं. आत गेले. चहा तसाच राहिला.

आमची वावरं धरणाच्या पाण्यापलीकडं. सात घरांनी मिळून नाव केली, इंजिन आमचं, चालवायचे हे. गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या आधी, निंदणाहून परत येताना पाण्याच्या मधात इंजिन बंद पडलं. वारा सुटलेला. नाव वाहत बुडीत बाभळींकडं गेली, आदळली. दोन मजूरबाया वाचल्या. घनश्यामकाकांची सून स्पृहा फांदी धरायला उभी राहिली अन् पाण्यात गेली. यांनी उडी मारली होती. हाताला फक्त ओढणी लागली.

पंचनाम्यात लिहिलं — "इंजिन अतिशय घाण अवस्थेत, बंद." बस. तेवढंच गावभर झालं. देवराव इंजिन साफच ठेवत नव्हता. देवरावच्या आळसानं पोरगी गेली.

खोटं! दर रविवारी हे इंजिन पुसत अन् मी फडकी धरून उभी राहत होते. पण ऐकतो कोण? हे स्वतःच बोलत नाहीत. त्या दिवसाबद्दल तेव्हापासून एक शब्द नाही.

संध्याकाळी घनश्यामकाका त्यांच्या अंगणातून, मला ऐकू यावं म्हणूनच — "आलं का ते? जाळून टाका मनावं!"

५ ऑगस्ट, मंगळवार

हात लावला.

नाव इंजिनाविना काठाला बांधलेली, पलीकडं जायला आता जुना डोंगाच आहे, वल्ह्याचा. तो गळतो. एकजण वल्हवतो अन् एकजण डब्यानं पाणी उपसतो. काल वाऱ्यात विमलताई, घनश्यामकाकांची बायको, त्यात बसून रडत आली. पाणी रोज वर चढून राह्यलंय, अन् फवारणीचे दिवस. अजून कोणी जायची वाट पाहायची का?

आमचा फवारणीचा पंप पेट्रोलवर चालतो. त्याचं सगळं मीच करते, प्लग, कार्बोरेटर, सगळं. हे त्याचंच मोठं भावंड. मला जमेल.

वरचं झाकण काढलं. आत गांधिलमाशीचं घर! बरं की रिकामं होतं. आधी कोरडंच खरवडलं, बांबूची चपटी काडी करून. लोखंडी पाती लावली तर ओरखडे पडतात. मग कार्बोरेटरच्या तोंडाला अन् वायरींना प्लास्टिकची पन्नी बांधली, घमेल्यात डिझेल घेतलं, रंगाच्या ब्रशनं चोपडत गेले. थर सुटत नाही. चोपडायचं, थांबायचं, परत चोपडायचं. दुपारपर्यंत एक बाजू झाली. खाली जे गळलं ते डांबरच म्हणायचं.

हे बैल सोडायला आले तेव्हा म्हणाले, "राहू दे ते."

"काहून?"

बैल घेऊन गेले.

६ ऑगस्ट, बुधवार

भाकरीला डिझेलचा वास. यांनी मुकाट्यानं खाल्ली. मला नाही गेली.

७ ऑगस्ट, गुरुवार

लिहिते. कोणाला तरी सांगायला पाहिजे, अन् दुसरं कोणी नाही.

सकाळी टाकीचं सील तोडलं. झाकण घट्ट, वायसरही शाबूत. हलवली तर आत डचमळलं. वर्षाचं जुनं पेट्रोल कामाचं नाही, म्हणून ओतून टाकायला गेले. फेकायच्या आधी पाहावं कसं झालंय, म्हणून काचेच्या बाटलीत धरलं. सरबताची रिकामी बाटली होती.

धरली अन् उन्हात पाहिली.

दोन रंग! वर चहासारखं पेट्रोल. खाली स्वच्छ पाणी, चार बोटं. मधात रेघ मारल्यासारखी रेघ.

मी बाटली उलटी केली, सुलटी केली. परत तेच. पाणी खाली बसतं. टाकीतून इंजिनात जाणारी नळी तळातूनच ओढते! म्हणजे त्या दिवशी इंजिनानं आधी नळीतलं, कार्बोरेटरमधलं चांगलं पेट्रोल घेतलं, अन् ते संपल्यावर पाणी. पाण्याच्या बरोब्बर मधात.

इंजिन घाण होतं म्हणून बंद पडलं नाही. पेट्रोलमध्ये पाणी होतं.

आधी मला हसूच आलं. खरंच! वाटलं ही बाटली घेऊन गावभर फिरावं. दारादारात थांबावं. पाहा! पाहा ना आता!

मग आठवलं. त्या दिवशीचं पेट्रोल कोणी आणलं होतं ते.

स्वानंदनं. घनश्यामकाकांच्या पोरानं. स्पृहाच्या नवऱ्यानं. आदल्या दिवशी महागावहून कॅन भरून आणली, रात्रभर त्यांच्याच अंगणात होती, सकाळी नावेत टाकली, अन् परत निघताना पलीकडच्या काठावर त्यानंच टाकीत ओतली. मी तिथंच उभी होते, पुढच्या फेरीसाठी थांबलेली. स्पृहानं त्याला कॅन धरून दिली होती...

बाटली तुरीच्या कोठीमागं ठेवली. वर पोतं टाकलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं यांना. वावरातून आले, हातपाय धुतले, तेव्हा बाटली समोर धरली.

वाटलं होतं चमकतील. रडतील. काहीतरी होईल.

एक नजर टाकली अन् म्हणाले, "फेकून दे."

"म्हंजे तुम्हाले माहीत होतं?"

खाली बसले अन् सांगितलं. इतक्या महिन्यांत त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा. इंजिन बंद पडल्यावर यांनी नळी काढून तोंडानं ओढून पाहिलं होतं. "पेट्रोल नोयतं. पानी होतं तोंडात. तवाच समजलं."

"मंग बोलले काहून नाई? ठाण्यात काहून नाई सांगतलं? लोक तुमच्या तोंडावर थुकून राह्यले अन् तुम्ही—"

"सांगून काय होते? स्पृहा येते का वापस?"

"तुमचं नाव येते!"

"शोभा," म्हणाले. हळू आवाजात. "ते लेकरू चार वर्साचं हाये. माय गेली तिची. आता बापालेही न्यायचं का? त्याले समजलं की आपल्याच हातानं बायको गेली, तर तो राह्यते का?"

मी म्हटलं, आणि आपला अनिकेत? होस्टेलात पोरं त्याला तुझ्या बापानं बाई बुडवली म्हणतात, त्याचं काय?

हे उठून गोठ्यात गेले.

मी बाटली फेकली नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. भाऊ येऊन गेला. घरात आम्ही दोघं बोलत नाही हे त्याच्या लक्षात आलं असणार. काही विचारलं नाही. बरं झालं.

१० ऑगस्ट, रविवार

स्वानंद आला!

मी खालचा भाग धूत होते, पंख्याच्या दांड्याला मासे मारायची तंगूस गुंडाळलेली, ती कापून काढत होते. मागून आवाज, "वहिनी, म्या धरू का?"

उभा तसाच, खांद्यावर त्याची लेक खुशी. किती वाळला आहे! दाढी वाढलेली. त्या दिवसानंतर आमच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं त्यानं.

"तुह्या बाबाले समजलं तर?" मी म्हटलं.

"समजू द्या."

बसला. मी ब्रश दिला. तासभर दोघं घासत होतो अन् मला घाम सुटलेला, उन्हाचा नाही. भिंतीपलीकडं, तुरीच्या कोठीमागं ती बाटली! खुशी इकडून तिकडं पळत होती, घरात शिरत होती, बाहेर येत होती. एकदा आत गेली अन् आलीच नाही. धावत गेले तर चुलीजवळ मांजराशी बोलत बसलेली.

जाताना म्हणाला, "उद्याही येतो."

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल आला. आजही आला.

बोलत नाही फारसा. पण घासतो जीव खाऊन. आज कार्बोरेटर उघडला. खालच्या वाटीत पांढरी खरबरीत पपडी बसलेली, चुन्यासारखी. पाणी सुकलं की तशी बसते. मला माहीत होतं ती कशाची. तो ती टाचणीनं टोकरत बसला, कितीतरी वेळ. मी त्याच्या तोंडाकडं पाहू शकले नाही.

मग, मान वर न करता, "टाकी कोठी हाये, वहिनी?"

माझ्या हातातलं फडकं पडलं.

"धुतली," म्हटलं मी. "धुऊन ठेवली वाळत."

"काही होतं का अंदर?"

"काय रायते अंदर? सडकं पेट्रोल. ओतून देल्लं."

"हं," म्हणाला. अन् परत घासायला लागला. पितळी जेटचं भोक बारीक तारेनं साफ करता करता तार बोटात घुसली त्याच्या. रक्त आलं तरी थांबेना. मीच हात धरला. म्हटलं, पुरे आता, घरी जा.

ओठावर आलं होतं. शपथ, ओठावर आलं होतं! स्वानंद, ते पेट्रोल तू आणलं होतं ना रे? एवढंच विचारायचं होतं. यांचं तोंड आठवलं — "तो राह्यते का?" — अन् गिळलं.

राग येतो मला. त्याचा येतो, यांचा येतो. दोघांच्या मधात मीच चोरासारखी! मी काय केलंय?

१३ ऑगस्ट, बुधवार

घनश्यामकाका सब्बल घेऊन आले, लोखंडी पहार.

इंजिन लाकडी घोड्यावर टांगलं होतं, धुऊन, पुसून, उन्हात. खरंच चमकत होतं. स्वानंद अन् मी बोल्ट आवळत होतो. काका फाटकातून आत आले ते थेट. धोतराचा काष्टा सुटलेला, डोळे लाल.

"माही सून खाल्ली या मशीननं! अन् तू तेल लावून राह्यला तिले? तू? लाज नाई वाटत?" हे पोराला.

"बाबा, घरी चला."

"सरक!"

सब्बल वर उचलली. मी मधात गेले, कशी गेले मला माहीत नाही. म्हटलं, "काका, या इंजिनाचा दोष नोयता! अन् यांचाही नोयता! त्या दिवशी पेट्रोल—"

"शोभा!"

हे गोठ्याच्या दारात उभे. एवढा मोठा आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता. चालत आले, मला बाजूला केलं अन् इंजिनाच्या पुढं उभे राहिले, हात खाली सोडून.

"मारा काका. तिले कायले मारता, मले मारा. मोकये व्हा."

विमलताई फाटकाशी येऊन उभी, पदर तोंडात. काकांचा हात वर तसाच. मग स्वानंदनं मागून सब्बल धरली अन् काढून घेतली. हळूच, लेकराच्या हातातून विळा काढावा तशी.

काका खाली बसले अन् ढसाढसा रडले. "देवराव, तू नुसतं पुसलं असतं रे... नुसतं साफ ठेवलं असतं..."

हे ऐकून घेत राहिले. स्वानंदही. तो तर पांढराफटक पडला होता. मला वाटलं मीच ओरडेन. घरात जाऊन पिठाचा डबा आपटला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सुरू झालं!!

पेट्रोल मी स्वतः महागावहून आणलं. बरणीत ओतून उन्हात पाहिलं, दुहेरी फडक्यातून गाळलं, तेल मिसळलं, मग टाकीत. इंजिन ड्रममध्ये पाण्यात उतरवलं. कोरडं चालवलं तर आतून जळतं. दोरी ओढली. काही नाही. परत. परत. खांदा निखळायची वेळ आली. प्लग काढला, पुसला, परत लावला.

अन् खोकलं! निळा धूर, घाणेरडा वास, बैल बिथरले, अन् मग धरलं त्यानं. मागच्या भोकातून पाण्याची धार सुटली, बारीक, सरळ. म्हणजे आत पाणी फिरतंय, गरम होणार नाही.

मी एकटीच होते. स्वानंद आज आला नाही. हे वावरात.

परत आल्यावर सांगितलं. "ऐकू आलं मले, पलीकडून," म्हणाले. मग हात धुता धुता, "म्या नाई चालवनार, शोभा. हे सांगून ठेवतो."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडा. सगळे होते. आमच्याजवळची जागा रिकामी, नेहमीसारखी.

१७ ऑगस्ट, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे. हात दुखतात तरी.

सकाळपासून वारा. हे घरीच होते. दुपारी फोन, स्वानंदचा. पलीकडून. आवाज ओळखू येईना.

"वहिनी, बाबाले काहीतरी होऊन राह्यलं! फवारत होते, वाऱ्याच्या तोंडावर, फडकंही नाई बांधलं. ओकून राह्यले, लाळ गळून राह्यली, डोये... वहिनी, डोंग्यात नाई नेता येत, लाटा हाये! अँबुलन्सले फोन केला, ते गावाकडच्या काठाले थांबतो म्हनते, इकडचा रस्ता चिखल झाला. दादाले म्हना ना... दादाले म्हना!"

मी यांच्याकडं पाहिलं. फोनचा आवाज मोठा होता, सगळं ऐकू गेलं होतं.

ते उठले. इंजिन खांद्यावर घेतलं, एकट्यानं. मी टाकी घेऊन मागं. काठापर्यंत पळत गेलो, नावेवर बसवलं, शिकंजे आवळले. यांनी नळी जोडली. मी आत चढले तर म्हणाले, "तू नोको." मी उतरले नाही.

पहिल्या ओढीतच लागलं. माझं इंजिन!

लाटा अंगावर येत होत्या. मी टाकी दोन पायांत धरून बसलेली. हे उभे, डोळे समोर. उजव्या हाताला त्या बुडीत बाभळी, नुसते काळे शेंडे पाण्याबाहेर. मी तिकडं पाहायचं नाही ठरवलं होतं. अन् बरोब्बर तिथंच इंजिनानं आचका दिला. एक. दोन. आवाज बारीक झाला. अन् बंद!

ती शांतता! फक्त वारा अन् नावेला लागणारं पाणी. नाव आडवी झाली, सरकायला लागली. बाभळींकडं.

यांनी दोरीची मूठ धरली होती पण ओढत नव्हते. शेंड्यांकडं पाहत होते. तोंड उघडं. मी हाक मारली, ऐकूच नाही. ते इथं नव्हतेच, ते मागच्या भाद्रपदात होते.

पेट्रोल मी पाहिलं होतं. गाळलं होतं. पाणी नाही, शक्यच नाही! मग काय? टाकीला हात लावला तर पत्रा आत चेपलेला. चेपलेला! झाकणावरचा हवेचा स्क्रू — घाईत उघडलाच नव्हता कोणी. आत हवा जात नाही तर पेट्रोल बाहेर येणार कसं? फवारणीच्या पंपालाही हेच होतं. फिरवला. फुस्स करून हवा आत गेली. नळीवरचा रबरी फुगा दाबला, दाबला, कडक होईपर्यंत दाबला.

"ओढा!"

पाहतच राहिले.

मी उठले, अन् — लिहायला नको, पण लिहिते — यांच्या तोंडात मारली. नवऱ्याच्या. "ओढा मनते ना! पानी नाई त्यात! म्या पाह्यलं हाये! ओढा!"

ओढली. लागलं.

बाभळीची फांदी नावेच्या कडेला घासून गेली, मी हातानं लोटली. तळवा फाटला.

पलीकडं स्वानंद कमरेएवढ्या पाण्यात उभा, बापाला पाठीवर घेऊन. काका निळे पडलेले, तोंडाला फेस. नावेत निजवलं. परतीला हे एकदाही बाभळींकडं वळून पाहत नव्हते. काकांनी यांच्या पायाचा घोटा मुठीत घट्ट धरलेला. अलीकडं आल्यावर ती मूठ सोडवायला दोघं लागले.

अँबुलन्स काठावर होती. महागावला सुया दिल्या, तिथून यवतमाळला पाठवलं. हे अन् स्वानंद सोबत गेले.

खुशी अन् विमलताई आमच्याकडं आहेत. विमलताई माझ्या चुलीजवळ बसून भाजी चिरते आहे. वर्षानं.

१८ ऑगस्ट, सोमवार

शुद्धीवर आले. फोन आला. वाचले!

यांचा आवाज फोनवर वेगळाच वाटला. "जेवली का?" विचारलं मला.

२० ऑगस्ट, बुधवार

यवतमाळला गेले, भाकरी घेऊन. काका उशीला टेकून बसलेले, हाताला नळ्या. मला पाहून डोळे भरले. हात जोडले. मी म्हटलं, काका, असं नका करू.

वाटलं, आता संपलं. खरंच वाटलं.

मग माझा पट्टी बांधलेला हात धरून म्हणतात, "इंजिन किती सुदं ठेवलं बाई तुनं. कसं पळालं! देवरावनं तवा असंच ठेवलं असतं, तर माही स्पृहा आज..."

हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. सफरचंद कापत. सुरी थांबली नाही.

स्वानंद खिडकीकडं तोंड करून.

मी बाहेर आले. जिन्यात बसले. रडू नाही आलं, राग आला, असा की दात वाजत होते. जीव वाचवला माणसानं, तरी तेच? मरेपर्यंत तेच? अन् उद्या अनिकेतला कोणी मुलगी द्यायची वेळ आली तरी तेच?

बसमध्ये ठरवलं. पुरे झालं. काका घरी आले की सगळ्या गावापुढं सांगणार. हे घरातून हाकलतील तर हाकलोत. स्वानंदचं जे व्हायचं ते होईल. मी काही दगड नाही.

लिहिलं, अन् खुशी येऊन मांडीवर बसली. केसांत तेल लाव म्हणते.

देवा! काय करू?

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळीच स्वानंद आला. काल रात्रीच्या गाडीनं हे अन् तो परतले होते, दवाखान्यात त्याचा मामा बसला आहे.

अंगणात उभ्यानंच बोलला.

"वहिनी, कॅनचं झाकन म्याच हरपवलं होतं. रातभर पानी पडलं. सकायी मले माहीत होतं पानी गेलं म्हनून. वाटलं, दोन थेंब असतीन. तरी ओतलं."

मी हातातला झाडू खाली ठेवला.

"पह्यल्या दिवसापासून माहीत हाये मले. दादा काहून चूप हाये तेही माहीत होतं. हिंमत नाई झाली. तुमच्या संग घासाले येत होतो ते कायले? रोज वाटे, आज वहिनी टाकी उघडतीन अन् माह्या तोंडावर मारतीन. तुम्ही उलट खोटं बोलल्या. काल बाबा बोलले, अन् दादा सफरचंद कापत राह्यले... नाई होत आता. यवतमाळले चाललो, बाबाले सांगाले. मंग ठाण्यात. एकट्याले भेव लागते, वहिनी."

हे दारात होते. सगळं ऐकलं होतं. सदरा घातला, वहाणा घातल्या, गाडीची किल्ली घेतली.

एकाच गाडीवर गेले दोघं.

खुशी माझ्याजवळ आहे. भूक लागली म्हणते. भात टाकते.